उत्तरांच्या वह्या

आमच्या घरी मासळी शिजत नसे. कशेडी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत संध्याकाळ झाली की घराघरातून सुकटीचा वास उठायचा, आणि आम्ही मात्र कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी पुढ्यात घेऊन बसायचो. कधी वरीचा भात, कधी वालाचं बिरडं. मी लहानपणी शेजारच्या घराच्या पडवीला मुद्दाम खेळायला जाई, नुसता वास घ्यायला. आईला ते कळत असे, पण ती बोलत नसे. तीही कोळशावर भाजलेल्या बोंबलावर वाढलेली बाई. आप्पांशी लग्न झालं आणि मठातल्या बुवांच्या शब्दाखातर तिचे बोंबील सुटले. घाटातून वर चढणाऱ्या ट्रकांची घरघर दिवसभर चालू असे, सोमवारी दुपारी तिच्यात मठातल्या टाळांचा आवाज मिसळायचा, आणि हे दोन आवाज एकत्र ऐकू आले की आज सोमवार हे मला कॅलेंडर न बघता कळायचं.

बुवा काही शिकलेसवरलेले नव्हते. तरुणपणी मुंबईला गोदीत हमाली केली, एक दिवस परत आले आणि ओढ्याच्या काठी झोपडी बांधून राहिले. तोच आमचा मठ. ते कीर्तन करत नसत, अंगारा देत नसत, कुणाच्या अंगावरून काही उतरवत नसत. माणूस जवळ जाऊन कानाशी आपलं गाऱ्हाणं सांगायचा, बुवा डोळे मिटून ऐकायचे आणि मग मोठ्यानं एखाददुसरं वाक्य बोलायचे. त्या वाक्याला आम्ही ‘शब्द’ म्हणायचो. शब्द मिळाला की तो पाळायचा, का आणि कशाला हे विचारायचं नाही. पोलादपूरपासून महाडपर्यंत आणि वर कुडपणपर्यंत शब्द पाळणारी घरं होती. ही घरं एकमेकांत सोयरिकी करत, एकमेकांच्या लावणीला जात, आणि मासळी न खाण्याबद्दल बाकीच्या गावाची बोलणी एकत्र खात.

माझे वडील, आप्पा, प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. म्हणून बुवांनी त्यांना डाव्या हाताला बसवून घेतलं. लांबट वह्या, दौत, टाक, पुढे पुढे शाईचं पेन. बुवा बोलले की आप्पा लिहायचे. पहिल्याच दिवशी आप्पांनी माणसाचं नाव आणि त्याचं गाऱ्हाणंही लिहायला घेतलं, तेव्हा बुवांनी त्यांचा हात धरला. “मास्तर, लोकांची दुखनी नको लिहू. ती त्यांची हायत. माजं हाय तेवढं लिही.” हे बोलणं चांगल्या माणसाचं होतं, ते मी आजही कबूल करते. पण त्या चांगुलपणामुळेच पुढे वीसेक वह्या भरल्या त्या नुसत्या उत्तरांच्या. प्रश्न कुठेच नाहीत. प्रश्न राहिले तीन ठिकाणी: विचारणाऱ्याच्या पोटात, बुवांच्या पोटात आणि जवळ बसून सगळं ऐकणाऱ्या आप्पांच्या डोक्यात.

बुवा गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्यांनी मागे कुणाला नेमलं नव्हतं. मुंबईकर भक्तांना समाधीला संगमरवर लावायचा होता, गावकऱ्यांना गादीवर जिवंत माणूस हवा होता, आणि जिवंत माणूस म्हणजे बुवांचा पुतण्या, ज्याला महाडच्या बाजारात झिंगलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. तंटा रंगात आला असताना एक विधवा बाई समाधीपाशी येऊन बसली. तिचा एकुलता मुलगा मुंबईला जायचं म्हणत होता आणि तिला शब्द हवा होता. कोण देणार? आप्पांना तिची दया आली असावी. त्यांनी एक वही काढली, मधेच कुठेतरी उघडली आणि वाचलं, “अडवू नका. गेला तसा येईल.” बाई ढसाढसा रडली आणि सगळा मठ रडला. मुलगा शिमग्याला परतही आला, हातात ट्रान्झिस्टर घेऊन. झालं. बुवा गेले पण शब्द राहिला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, पुतण्या महाडलाच राहिला, आणि वह्या लाल फडक्यात बांधून समाधीच्या कोनाड्यात जाऊन बसल्या.

मग नियम आले. वही कुमारिकेच्या हातानं उघडायची, डोळे मिटून. पहिला शब्द जो दिसेल तोच वाचायचा. आणि वाचता येणारी, आप्पांचं लफ्फेदार अक्षर लागणारी कुमारिका मठात एकच होती. सोमवारी मी नऊवारी नेसून बसायची, केसात अबोलीचा वळेसर, आणि माझ्या आजोबांच्या वयाची माणसं माझ्या पायावर डोकं ठेवायची. कधी कधी शब्द भलतेच निघत. गुडघेदुखीचं विचारायला आलेल्या म्हाताऱ्याला “आंबा उतरवायची घाई करू नका” असं आलं. तर त्याचाही अर्थ लागला: ऑपरेशन करू नका. म्हातारा पुढे खुरडतच गेला. प्रत्येक शब्दाला पूर्वी एक धनी होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो धनी पुष्कळदा समोर बसलेलाही असे. पण एकदा सुटलेला शब्द सगळ्यांचा, असं ठरलं होतं, आणि आपला शब्द दुसऱ्याला गेलेला ऐकून लोक मनातल्या मनात फुशारत. मला विचाराल तर त्या पहिल्या दोन वर्षांइतकी मोठी मी पुन्हा कधी झाले नाही. मुख्याध्यापिका झाले तेव्हाही नाही.

माझी थोरली बहीण शकुंतला, आमची अक्का, कुडपणला दिलेली होती. घर शब्द पाळणारं, वर पठारावर नाचणी-वरीची शेती, माणसं कामाला वाघ. नवराही वाघच निघाला. तेव्हा वर गाडी जात नसे, एस.टी. अर्ध्या वाटेत सोडायची आणि पुढे चढ. तो चढ उतरून एका दुपारी अक्का एकटी घरी आली. पदर कानाशी घट्ट धरला होता. आईनं तो बाजूला केला तर कानातून पू आणि रक्त येत होतं. चुलीतलं लाकूड मारलं होतं, भाकरी करपली म्हणून. अक्का रडत नव्हती. तिनं पाणी मागितलं आणि म्हणाली, “आय, मी परत नाय जानार. हितंच ऱ्हाईन. गोठ्यात निजंन, शेनगोठा करीन, पन तिकडं नको.”

आईनं तिला जवळ घेतलं. आप्पा पडवीत येरझारा घालत राहिले. चौथ्या दिवशी व्याह्यांचा माणूस आला. बोलणं वाढेना, मिटेना, तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, शब्द घेऊया. जो निघंल तो आमाला मान्य.” आप्पांना नाही म्हणता येईना. ज्याच्या हातानं वह्या लिहिल्या गेल्या त्यानंच शब्द नाकारायचा म्हणजे काय? येत्या सोमवारी विचारायचं ठरलं. आईनं रविवारी उपास धरला. अक्काला भरवसा होता. ती मला न्हाऊ घालताना म्हणाली, “बुवा जिवंत व्हते तवा माज्या डोक्यावर हात ठेवायचे. ते काय मला वाईट सांगनार नायत.” तिनंच माझ्या केसात अबोली माळली.

सोमवारी मठ भरलेला होता. अक्का समाधीपुढे बसली, कानाला फडकं बांधलेलं. मी डोळे मिटले, फडक्यातून हाताला आली ती वही ओढली, उघडली, बोट ठेवलं, डोळे उघडले. आणि माझ्या त्या खणखणीत, शाळेत कविता म्हणून बक्षीस मिळवलेल्या आवाजात वाचलं: “परत नेऊन सोडा. दोन दिवस ओरडेल, मग रुळेल.”

मागून कुणीतरी “वा बुवा!” म्हणालं आणि टाळ वाजायला लागले. इतका नेमका शब्द त्या मठात कधी निघाला नव्हता. एरवी अर्थ लावावा लागे, इथं लावायला काही उरलंच नव्हतं. बायका एकमेकींना सांगत होत्या, बघा, मेले तरी त्यांना सगळं दिसतं. अक्का तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. आणि आई गर्दीतून गुडघ्यांवर सरकत पुढे आली. “मंदे, आनखी येकदा उघड गो,” ती म्हणाली. “येकदाच. तुजा हात चुकला असंल.”

माझा हात चुकला असेल, असं सगळ्यांदेखत! मला राग आला. तो राग मला आज, बासष्टाव्या वर्षी, जसाच्या तसा आठवतो. मी वही मिटली, कपाळाला लावली आणि म्हटलं, “आई, एकदा उघडली की उघडली. पुन्हा उघडणं म्हणजे बुवांवर अविश्वास.” हा नियम तोवर कुणी केलेला नव्हता. तो मी त्या घटकेला केला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

माणसं पांगली तेव्हा मी वह्यांचं गाठोडं बांधत होते. दासगावचा महादू पायरीवर रेंगाळत होता. सावित्री नदीकाठचा साधा शेतकरी, दर सोमवारी येणारा. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “ताय, यो शब्द माजा हाय. माज्या म्हशीचा. नदीपल्याडच्या मानसाला इकली व्हती, तर ती पोहून घरी यायची नि दारात हंबरत ऱ्हायची. मी बुवांना इचारला, काय करू. तवा त्यांनी यो शब्द दिला.” तो हसत नव्हता. “मास्तरांना सांग. मी बोललो तर लोक मला खातील. पोर हाय ती, म्हस नव्हं.”

मी धावत घरी गेले. आप्पा पडवीत चहा पीत बसले होते. मी म्हटलं, “आप्पा, तो शब्द म्हशीचा होता.”

“महादू बोलला?”

“हो.”

“ठाऊक आहे मला. मीच लिहिलाय. त्याला म्हैस आठवते, मला तिचं वासरूही आठवतं.” त्यांनी बशी खाली ठेवली. “मंदा, बस इथं. आज हा शब्द म्हशीचा म्हटला, तर उद्या ती विधवा विचारेल, माझा कुणाचा होता? तिचा रेड्याचा होता. त्या गुडघेवाल्याचा खरंच आंब्याचा होता. ह्या वह्यांवर लोकांनी वाटण्या केल्या, मुली दिल्या, दवाखाने सोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाळ. ती उघडली तर लोक मठ जाळतील, आणि आपल्यालाही.”

“मग अक्का?”

“बुवांनी तेव्हा म्हशीला सांगितलं, आज तिला सांगितलं. एवढी श्रद्धा ठेवायची.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, शाळेत चुकलेल्या पोराकडे बघावं तसं, आणि सावकाश म्हणाले, “आणि तुझी आई पुन्हा उघड म्हणत होती. नको असं मी म्हटलं नव्हतं.”

मी गप्प बसले. आईला सांगायला हवं होतं. ती आत चुलीपाशी होती, दहा पावलांवर. अक्काला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी वाचणारी राहिले नसते, उलट म्हशीचा शब्द बहिणीच्या माथी मारणारी झाले असते. भीती वाटली असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मला माझी सोमवारची जागा हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं अक्काची वेणी घातली, फडक्यात भाकरी आणि चटणी बांधली, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आप्पा छत्री घेऊन पुढे चालू लागले. अक्का ओट्यावरून उतरताना माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “चांगला वाचतेस गो मंदे. येक येक अक्षर कळतं.” तिनं ते कशानं म्हटलं, कौतुकानं की आणखी कशानं, हे मी तिला कधीच विचारू शकले नाही.

पुढच्या वर्षी गौरी-गणपतीनंतर ती पुन्हा आली. पावसानं घाटात दरड आलेली, एस.टी. बंद, ती सगळी वाट पायी उतरली होती. या खेपेला मनगट सुजलं होतं. आप्पांनी वही काढलीसुद्धा नाही. “शब्द झालाय,” एवढंच म्हणाले आणि सकाळी तिला घेऊन निघाले. तिची सासू तोवर शब्द पाठ करून बसली होती. मारायला मुलाला पुढे करायची आणि म्हणायची, “बुवांनी सांगितलाय, दोन दिस वरडंल.” हे अक्कानंच आईला त्या रात्रीच्या मुक्कामात सांगितलं होतं. ती गेल्यावर आई आठवडाभर आप्पांशी बोलली नाही. एक दिवस तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, “आता आली ना, तर ती वही तुज्या बापाच्या डोक्यात घालीन आनि पोर ठेवून घीन. मग मठ जळूदे नायतर काय होऊदे.” आई बोलली ते करणारी बाई होती. पण अक्का त्यानंतर आली ती सणावाराला, नवऱ्याबरोबर, डोक्यावर पदर घेऊन. लोक म्हणाले, रुळली.

हे वाचणाऱ्याला वाटेल की मी निदान त्या दिवसापासून वह्या टाकल्या असतील. नाही टाकल्या. लग्न होईपर्यंत आणखी चार वर्षं मी दर सोमवारी वळेसर माळून बसले आणि शब्द वाचले. महादूनं मात्र मठात येणं सोडलं. आता ओढ्याकाठी संगमरवर आहे, मोठा रस्ता झालाय, घाटाखालून बोगदा गेलाय, आणि मुंबईच्या पोरांनी त्या सगळ्या वह्यांचे फोटो काढून मोबाईलवर घातलेत. डोळे मिटून बोट सरकवायचं, थांबेल तिथला शब्द आपला. आता कुमारिका लागत नाही. म्हशीचा तो शब्दही त्यात आहे, मी बघितलाय. तो आज कुणाच्या बोटाखाली येतोय, देव जाणे.

आप्पा परवा परवा गेले, नव्वदीला टेकून, झोपेत. अशा माणसाला असं मरण येतं याची मला चीड आली आणि ती मी लपवली नाही. तेराव्याला अक्का खाली आली. नवरा कधीच गेलेला, एक कान कायमचा बंद, चालताना डावीकडे झुकते. दिवस झाल्यावर मी तिला महाडला माझ्या घरी ठेवून घेतलं. दुपारी आम्ही दोघी भिजलेले वाल सोलत बसलो होतो. तिचं मनगट नीट वळत नाही, तरी माझ्यापेक्षा ती भराभर सोलत होती. आप्पा आता नव्हते, आई नव्हती, माझी जागा तर केव्हाच गेलेली. गप्प राहायला कारण उरलं नव्हतं. मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकले आणि सगळं सांगितलं. शब्द कुणाचा होता, मला कधी कळलं, किती पावलांवर आई होती.

तिनं सगळं ऐकलं. ती ओरडेल, मला मारेल, उठून जाईल असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिनं तसं करावं म्हणूनच मी बोलले होते. पण तिनं साल बाजूला टाकलं आणि विचारलं, “म्हस व्हती व्हय? मग तिचा काय झाला?”

हेही मला ठाऊक होतं. महादू म्हातारपणी एकदा महाडच्या स्टँडवर भेटला होता, तेव्हा मी त्याला विचारलं होतं. अक्काशी खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “शब्दाप्रमाणे महादूनं परत नेऊन सोडली. ती पुन्हा आली. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याच्या बायकोच्यानं बघवेना. तिनं म्हशीला आपल्या गोठ्यात नेऊन बांधलं आणि व्यवहार मोडून टाकला. बुवांना त्यांनी कळवलंच नाही. म्हातारी होऊन त्यांच्याच दारात मेली.”

“तिसऱ्यांदा?”

“हो.”

अक्कानं हातातला वाल सोलून ताटात टाकला.

“मी पन निघाले व्हते गो तिसऱ्यांदा,” ती म्हणाली. “डोंगराच्या धारेपत्तुर आले. तिथनं आपला घर दिसतं. आय भायेर उभी व्हती. मी म्हनला, कशाला पुन्यांदा तिला तरास. आनि फिरले मागं.”